ओढू नका, भिजू द्या

लग्नसराईत हौसेनं लावून घेतलेल्या नखांचा तिसरा आठवडा सरला की कुरबुरी सुरू होतात. मुळाशी खरं नख वाढून वेगळी पट्टी दिसू लागते. एखाद्या बोटाची कड उचकटते, त्यात केस अडकतो, कणीक मळताना पीठ शिरतं. पार्लरमध्ये वेळ मिळत नाही, मिळाली तरी काढण्याचे वेगळे पैसे द्यायचं जिवावर येतं. मग टीव्ही बघता बघता दुसऱ्या हाताचा अंगठा त्या उचकटलेल्या कडेखाली जातो आणि एका झटक्यात नकली नख निघतं. ते उलटं करून पाहिलं तर आतल्या बाजूला एक पांढुरका, पातळ पापुद्रा चिकटलेला दिसतो. तो पापुद्रा आपल्या खऱ्या नखाचा असतो.

‘एक्स्टेंशननं माझी नखं वाया गेली’ अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. लावताना नख जास्त घासलं गेलं तर नुकसान होतंच, पण अनेकदा खरी इजा होते ती काढताना, आणि तीही घाईमुळे. नखावर काय बसवलंय हे ओळखून, योग्य द्रावण वापरून आणि पुरेसा वेळ देऊन ही नखं घरीही सुरक्षितपणे उतरवता येतात. काही प्रकार मात्र घरी काढायच्या भानगडीत पडूच नये. दोन्हींतला फरक नीट समजून घ्यायला हवा.

नखाची जखम भरत नाही

नख केराटिन नावाच्या प्रथिनाचं बनलेलं असतं. चपट्या, मृत पेशींचे थर एकमेकांवर घट्ट बसून ते तयार होतं, आणि त्याची एकूण जाडी असते जेमतेम अर्धा मिलिमीटर. या पेशी तयार होतात त्या नखाच्या मुळाशी, कातडीखाली दडलेल्या भागात. अंगठ्याच्या नखाच्या तळाशी जो पांढरा अर्धचंद्र दिसतो, तो त्या भागाचाच बाहेर डोकावणारा तुकडा. मुळाशी नखाला चिकटलेली कातडीची पातळ पट्टी, म्हणजे क्यूटिकल, पाणी आणि जंतूंना आत शिरू देत नाही.

कातडी खरचटली तर आठवड्याभरात भरून येते, कारण ती जिवंत आहे. नखाचा दिसणारा भाग मृत असल्यामुळे त्याचा उडालेला थर परत येत नाही. मुळातून नवं नख वाढून पुढे सरकेपर्यंत वाट पाहण्याला पर्याय नाही. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. म्हणजे मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं नख यायला सहा महिने लागतात. पायाचं नख त्याच्या निम्म्या वेगानं वाढतं, अंगठ्याला तर वर्ष-दीड वर्षही लागतं. एका झटक्यात निघालेल्या पापुद्र्याची भरपाई व्हायला अर्धं वर्ष जातं. नखं उतरवताना हे गणित कायम लक्षात ठेवावं.

आधी ओळखा, मग हात लावा

सगळी नकली नखं एकाच तऱ्हेनं निघत नाहीत. म्हणून पहिला प्रश्न ‘काढू कशी?’ हा नसावा, ‘माझ्या नखांवर आहे काय?’ हा असावा. लावून घेतानाच पार्लरमध्ये विचारून प्रकाराचं नाव लिहून ठेवावं. ते जमलं नसेल तर पुढच्या खुणांवरून अंदाज बांधता येतो.

ॲक्रिलिक हा यातला जुना प्रकार. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या फ्रेडरिक स्लॅक या दंतवैद्यानं तुटलेलं नख जोडायला दातांच्या कामाचं ॲक्रिलिक वापरलं, तिथून या नखांची सुरुवात झाल्याचं मानलं जातं. द्रव आणि भुकटी ब्रशवर एकत्र करून नखावर गोळा बसवला जातो आणि तो हवेत आपोआप घट्ट होतो, दिव्याची गरज लागत नाही. लावताना खोलीभर उग्र वास पसरला असेल तर तुमची नखं बहुधा ॲक्रिलिकची आहेत. ॲसिटोनमध्ये ती मऊ होतात.

जेल प्रकारात नखावर चिकट लेप देऊन हात यूव्ही किंवा एलईडी दिव्याखाली धरतात. यातले जेल पॉलिश आणि सॉफ्ट जेलच्या तयार टिप्स ॲसिटोननं सुटतात. हार्ड जेल मात्र सुटत नाही. ॲसिटोनचे बारीक रेणू सॉफ्ट जेलच्या थरात शिरतात, थर फुगतो आणि त्याची नखावरची पकड सुटते. हार्ड जेलमधल्या प्लॅस्टिकच्या साखळ्या एकमेकींना इतक्या ठिकाणी जोडलेल्या असतात की ॲसिटोनला आत वाटच मिळत नाही. बोटं तासभर भिजवली तरी नुसती कातडी सुकते, जेल जागचं हलत नाही. पॉलीजेल या दोन्हींच्या मधलं. त्याचा बराचसा भाग आधी घासूनच कमी करावा लागतो.

डिप पावडरमध्ये नखाला द्रव गोंद लावून बोट रंगीत भुकटीत बुडवतात. हा गोंद सायनोॲक्रिलेटचा, म्हणजे घरात तुटक्या वस्तू जोडायला वापरतो त्याच जातीचा. तो ॲसिटोनला दाद देतो. प्रेस-ऑन म्हणजे पाकिटातून मिळणारी तयार नखं. ती चिकटपट्टीनं किंवा त्याच जातीच्या गोंदानं बसवलेली असतात, आणि घरी काढायला सगळ्यांत सोपी.

ओळख पटत नसेल तर एकाच बोटावर चाचणी घ्या. वरची चकाकी फाइलनं घासून काढा, ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा छोटा तुकडा त्यावर दहा मिनिटं ठेवा आणि लाकडी काडीनं हलकेच दाबून पाहा. पृष्ठभाग चिकट झाला किंवा सुरकुतला तर ते भिजवून निघणारं आहे. कडक आणि गुळगुळीत राहिला तर भिजवण्याचा नाद सोडा.

एक अपवाद ॲक्रिलिकमधलाही आहे. स्वस्तातल्या कामात कधी कधी मिथाइल मेथाक्रिलेट नावाचा द्रव वापरतात. नखं विद्रूप झाल्याच्या आणि त्वचेला ॲलर्जी आल्याच्या तक्रारींनंतर अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं १९७०च्या दशकातच अशा उत्पादनांविरुद्ध न्यायालयीन कारवाई केली होती. या द्रवाची नखं फार कडक होतात आणि ॲसिटोनमध्ये लवकर मऊ होत नाहीत. पाऊण तास भिजवूनही ॲक्रिलिक हललं नाही तर हट्ट न करता जाणकार हाताकडे जावं.

ॲसिटोन आणि देवघरातली समई

ॲसिटोनची भीती बाळगायचं कारण नाही. आपल्या शरीरातही चरबीचं ज्वलन होताना तो अल्प प्रमाणात तयार होतो. खरा धोका आगीचा आहे, आणि आपल्या घरांमध्ये तो विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे.

ॲसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळतो, पण पेट घेण्याइतकी वाफ तो शून्याखाली सुमारे २० अंशांनाही सोडतो. म्हणजे महाराष्ट्रातल्या कुठल्याही ऋतूत, उघड्या बाटलीच्या तोंडाशी पेट घेऊ शकणारी वाफ असतेच. ही वाफ हवेपेक्षा दुप्पट जड असल्यामुळे वर न जाता जमिनीलगत पसरते. आणि आपल्याकडे समई जमिनीवर, उदबत्तीचं घर खाली, डासांची कॉइल पलंगाखाली. बाटली टेबलावर आणि ज्योत चार हात लांब असली तरी ही वाफ तिथवर पोचू शकते. म्हणून या कामाआधी समई, उदबत्ती, कॉइल, गॅस सगळं विझवा. स्वयंपाकघरात आणि देवघराजवळ हे काम करूच नका. हेअर ड्रायर लावू नका, शेजारी कुणी सिगारेट ओढत असेल तर काम थांबवा. ॲसिटोन गॅसवर, मायक्रोवेव्हमध्ये किंवा उकळत्या पाण्यात ठेवून गरम करणं तर आगीला निमंत्रण आहे.

खिडकी उघडी ठेवा. एसी लावलेल्या बंद खोलीत या वाफेनं डोकं चढतं, डोळे चुरचुरतात, दमा असलेल्यांना जास्त त्रास होतो. वाटी काचेची किंवा स्टीलची घ्या. थर्माकोलची वाटी ॲसिटोनमध्ये बघता बघता विरघळते, पातळ प्लॅस्टिकचाही भरवसा नाही. टेबलाचं पॉलिश, चष्म्याची फ्रेम, मोबाइल आणि लॅपटॉपचं आवरण यांवरही डाग पडतात, म्हणून खाली स्टीलचं मोठं ताट ठेवावं आणि त्यातच सगळं काम करावं.

लेबल वाचून खरेदी करा. ‘ॲसिटोन-फ्री’ रिमूव्हर साध्या नेलपॉलिशला पुरतो, जेल आणि ॲक्रिलिकला नाही. साध्या रिमूव्हरमध्ये ॲसिटोनसोबत पाणी आणि तेल असतं, त्यामुळे काम होतं पण रेंगाळतं. शुद्ध ॲसिटोन सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात मिळतो. घटक न छापलेली, ‘दोन मिनिटांत नख बाहेर’ असं सांगणारी बाटली घेऊ नका. त्यामागे एक दुःखद इतिहास आहे. अमेरिकेत पूर्वी नकली नखं काढायला ॲसिटोनायट्राइल असलेलं द्रावण मिळायचं. ते पोटात गेलं की शरीर त्याचं सायनाइड बनवतं. ते प्यायल्यामुळे एका लहान मुलाचा मृत्यू झाल्याची नोंद १९८८ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांमध्ये या द्रवाला बंदी आहे. दोन्ही नावं दिसायला सारखी असल्यामुळे लेबलवरचं अक्षर न् अक्षर वाचा, आणि ॲसिटोनची बाटलीसुद्धा मुलांच्या हाताला लागणार नाही अशीच ठेवा.

प्रत्यक्ष काम : एका वेळी एक हात

ही कृती ॲक्रिलिक, जेल पॉलिश, सॉफ्ट जेल टिप्स आणि डिप पावडर यांना लागू आहे. एकूण दीड-दोन तास मोकळे ठेवा आणि एका वेळी एकाच हाताचं काम काढा. दुसरा हात मोकळा असेल तर दार उघडता येतं, डोळ्यांत काही उडालं तर पाण्याचा नळ सोडता येतो.

लागणारं सामान असं : ॲसिटोन, कापूस, पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियम फॉइल, व्हॅसलीन, खरखरीत आणि मऊ अशा दोन नेल फाइल, पार्लरमध्ये जिला ऑरेंज स्टिक म्हणतात ती लाकडी काडी, साबण आणि खोबरेल तेल.

आधी लांबी कमी करा. हात उलटा करून तळव्याच्या बाजूनं पाहिलं की खरं नख कुठे संपतं ते दिसतं. त्याच्या पुढचाच भाग कापायचा. जाड नख मधोमध एका दाबात कापलं तर त्याला हिसका बसून खालचं खरं नखही चिरतं. म्हणून दोन्ही कडांकडून थोडं थोडं कापत मध्यावर या. घरातलं नेलकटर दाद देत नसेल तर फाइलनं घासा, पण कात्रीनं जोर करू नका.

मग वरचा थर घासा. चकाकी हा ॲसिटोनला अडवणारा थर असतो. तो खरखरीत फाइलनं पूर्ण काढा आणि जाडीही जमेल तितकी कमी करा. तळाशी पातळ थर शिल्लक राहिला की थांबा. खऱ्या नखापर्यंत घासत जायचं नाही. बोटाला ऊब जाणवली तर हात लगेच थांबवा, घर्षणाची उष्णता खालच्या नाजूक भागापर्यंत पोचल्याची ती खूण असते. घासताना मास्क लावा आणि पडलेली भुकटी झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

आता नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलीनचा जाड हात द्या. नखावर मात्र ते लागू देऊ नका, नाहीतर ॲसिटोन आत शिरणार नाही. नखाएवढेच कापसाचे तुकडे करून ॲसिटोनमध्ये भिजवा, निथळू द्या, नखावर ठेवा आणि बोटाचं टोक फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा. फॉइलमुळे ॲसिटोन उडून जात नाही आणि बोटाची ऊब आत राहते. वाटीत सगळी बोटं बुडवण्यापेक्षा ही पद्धत चांगली, कारण कातडीला ॲसिटोन कमी लागतो. थंडीच्या दिवसांत गुंडाळलेला हात टॉवेलात घेऊन गरम पाण्याच्या पिशवीवर टेकवला तर काम जरा लवकर होतं.

जेल पॉलिशला दहा ते पंधरा मिनिटं, डिप पावडर आणि सॉफ्ट जेल टिप्सना पंधरा-वीस, ॲक्रिलिकला वीस ते चाळीस मिनिटं लागतात. पहिली तपासणी पंधराव्या मिनिटाला करा, आणि एकच बोट उघडा. नीट भिजलेलं जेल दुधावरच्या सायीसारखं सुरकुतलेलं आणि कडेनं सुटलेलं दिसतं. ॲक्रिलिक गोंदासारखं लिबलिबीत होतं आणि काडीला चिकटून येतं. लाकडी काडी आडवी धरून मुळाकडून टोकाकडे हलकेच सारा. थर आपणहून सरकला पाहिजे. जरा जरी अडला तरी काडी बाजूला ठेवा, कापूस पुन्हा भिजवा, फॉइल पुन्हा गुंडाळा आणि आणखी सात-आठ मिनिटं थांबा. नखाचं भलंबुरं इथेच ठरतं. या टप्प्यावर केलेला जोर म्हणजे खऱ्या नखाचा पापुद्रा गेलाच.

दोन-तीन फेऱ्यांनंतर बहुतेक थर निघून जातो. उरलेले चुकार ठिपके मऊ बफरनं एक-दोनदा हलके पुसून घ्या. तरीही राहिले तर राहू द्या, नखाबरोबर वाढून ते पुढे कापले जातील. सगळं झालं की हात साबणानं धुऊन कोरडे करा आणि नखांना, मुळांना तेल चोळा. मधेच कुठे झोंबलं, आग झाली तर फॉइल काढून हात लगेच धुवा. तिथे कातडीला चीर असण्याची शक्यता असते. भिजलेला कापूस आणि फॉइल गॅलरीत ज्योतीपासून लांब, मोकळ्या हवेत सुकू द्या आणि मगच कचऱ्यात टाका. उरलेला ॲसिटोन बेसिनमध्ये ओतू नका, पीव्हीसीच्या पाइपला तो मऊ करतो.

प्रेस-ऑन आणि हार्ड जेल

चिकटपट्टीवर बसवलेल्या प्रेस-ऑन नखांना ॲसिटोन लागतच नाही. कोमट पाण्यात साबण आणि थोडं तेल घालून दहा-पंधरा मिनिटं बोटं बुडवा, मग एका कडेखाली लाकडी काडी सरकवून नख बाजूनं हलकेच उचला. सरळ वर ओढू नका. गोंदानं बसवलेलं असेल तर ही भिजवणी दोनदा करा. त्यातूनही सुटलं नाही तर कडेला ॲसिटोनचे थेंब सोडून थांबा.

हाच गोंद कातडीवर सांडला तर ओढून काढू नये, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवावा. सुती कपड्यावर किंवा कापसावर सांडला तर तो झपाट्यानं तापतो आणि चटका बसतो, म्हणून गोंद कधीही कापसानं टिपू नका. गोंदाची इवलीशी बाटली डोळ्यांच्या औषधासारखी दिसते आणि ती डोळ्यांत घातल्याचे अपघात वैद्यकीय साहित्यात वारंवार नोंदले गेले आहेत. ती औषधांच्या डब्यात ठेवू नका. डोळ्यांत गोंद गेला तर पापण्या ओढून उघडू नका, पाण्यानं धुवा आणि तडक दवाखाना गाठा.

हार्ड जेलला दोनच सुरक्षित वाटा आहेत. पहिली, लांबी आणि जाडी फाइलनं कमी करून बाकीचं नखाबरोबर वाढू द्यायचं आणि दर आठवड्याला पुढचं टोक कापत राहायचं. चार ते सहा महिन्यांत ते पूर्ण निघून जातं. हा मार्ग संथ असला तरी नखाला त्यानं धक्का लागत नाही. मात्र मधे एखादी कड सुटली तर सुटलेला भाग लगेच छाटायचा, गोंद लावून परत दाबायचा नाही. दुसरी वाट म्हणजे अनुभवी तंत्रज्ञाकडून ते मशीननं घासून घेणं. ऑनलाइन मिळणारं छोटं ड्रिल स्वतःवर चालवून पाहू नका. ते एका जागी दोन सेकंद जास्त टेकलं तरी नखावर लाल, दुखरं वळं उमटतं.

ब्लेड, सुरी, एटीएम कार्ड, दात साफ करायचा दोरा किंवा स्वतःचे दात ही नखं उचकटायची साधनं नव्हेत. प्रकार कुठलाही असो, हा नियम सगळ्यांना लागू आहे.

नंतरचे सहा महिने

ॲसिटोननंतर नखं पांढरी आणि खडूसारखी दिसली तर घाबरू नका. तेल आणि पाणी उडून गेल्याची ती खूण आहे, तेल चोळलं की जाते. पापुद्रा निघाल्याची खूण वेगळी असते. बोट खिडकीपाशी तिरक्या उजेडात धरा. खडबडीत, पांढरे चट्टे दिसले आणि त्यावरून फिरवलेला कापूस अडकला, तर तिथला वरचा थर गेलेला आहे. तो घासून गुळगुळीत करायला जाऊ नका, त्यानं उरलेलं नखही पातळ होतं.

काळजी अगदी साधी घ्यायची आहे. नखं आखूड ठेवा. दर वेळी हात धुतल्यावर आणि रात्री झोपताना खोबरेल किंवा बदामाचं तेल नखांना आणि मुळांना चोळा. भांडी घासताना, फरशी पुसताना रबरी हातमोजे घाला, कारण पातळ नख पाण्यानं फुगतं आणि सुकताना फाटतं. खडबडीत नखाला हळद फार लवकर पकडते. त्यामुळे फोडणी-वाटणाच्या कामाआधी तेलाचं बोट फिरवलं तर पिवळेपणा कमी येतो. नख कडक करणाऱ्या काही द्रावणांत फॉर्मल्डिहाइड असतो, त्यानं पातळ नख आणखी ठिसूळ होऊ शकतं.

बायोटिनच्या गोळ्यांबद्दलही सांगायला हवं. नखं सुधारावीत म्हणून त्या सर्रास घेतल्या जातात, पण निरोगी माणसाला त्यांचा फायदा होतो असा भक्कम पुरावा नाही. उलट जास्त मात्रेतलं बायोटिन थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यात करतात त्या ट्रोपोनिनच्या रक्तचाचणीचा निकाल चुकवू शकतं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं २०१७ मध्ये तसा इशारा दिला आहे. गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

डॉक्टरांकडे कधी?

नकली नख काढल्यावर खाली हिरवट डाग दिसला तर तो बहुधा सुडोमोनास या जिवाणूचा असतो. उचकटलेल्या नखाच्या फटीत पाणी साचतं, त्या ओलाव्यात हा जिवाणू वाढतो आणि हिरवं रंगद्रव्य सोडतो. त्यावर नेलपॉलिश लावून झाकू नका, नवं नख तर मुळीच बसवू नका. नखाभोवती सूज, ठणका किंवा पू असेल, नख खालच्या मांसापासून सुटून पांढरं दिसत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. सुटलेल्या नखाखाली पिन किंवा काडी घालून साफ करू नका. मधुमेह, बोटांच्या रक्ताभिसरणाचे विकार, सोरायसिस किंवा हाताला इसब असेल तर हे सारं काम घरी करूच नये.

ॲलर्जीची चिन्हं फसवी असतात. बोटांची टोकं खाजणं, फुटणं, फोड येणं हे सहज लक्षात येतं, पण कधी कधी फक्त पापण्यांवर पुरळ उठतं आणि नखांशी त्याचा संबंध कुणाच्या ध्यानीमनी नसतो. जेलमधल्या आणि ॲक्रिलिकमधल्या ॲक्रिलेट जातीच्या रसायनांची ही ॲलर्जी. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये तिच्याविषयी जाहीर इशारा दिला, आणि यातलं प्रमुख रसायन हेमा हे युरोपीय संघानं फक्त व्यावसायिक वापरापुरतं मर्यादित केलं. एकदा आलेली ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते, आणि याच जातीची रसायनं दातांच्या फिलिंगमध्ये, सांधेरोपणाच्या सिमेंटमध्ये आणि साखर मोजणाऱ्या काही सेन्सरच्या चिकटपट्टीतही असतात. म्हणून नखांच्या हौसेतून सुरू झालेली खाज अंगावर काढू नये, आणि ॲलर्जी निघाली तर दंतवैद्यांनाही ती आवर्जून सांगावी.

ठरलेली शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण जवळ आलं असेल तर आठवडाभर आधीच नखं उतरवून ठेवा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर नखातून आणि बोटातून आरपार जाणाऱ्या प्रकाशावरून रक्तातला प्राणवायू मोजतो, जाड रंगीत थर त्याच्या आड येऊ शकतो. नखाच्या बदललेल्या रंगावरून डॉक्टरांना मिळणारी सूचनाही त्याखाली झाकली जाते. रुग्णसेवेत असणाऱ्यांनी तर ही नखं लावूच नयेत. नकली नखांखाली जंतू साठतात आणि हात धुऊनही पुरते जात नाहीत, म्हणून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं २००२ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये हातांच्या स्वच्छतेच्या मार्गदर्शक सूचनांत त्याविरुद्ध स्पष्ट सांगितलं आहे.

नखं सजवण्याची हौस जरूर करावी. फक्त लावून घेण्यासाठी जसे दोन तास आनंदानं काढतो, तेवढेच काढण्यासाठीही राखून ठेवावेत. पुढच्या वेळी पार्लरमध्ये बसाल तेव्हा रंग आणि डिझाइन निवडण्याआधी एक प्रश्न विचारा : हे भिजवून निघतं की घासून? त्याच्या उत्तरावरच प्रकार निवडा. आणि घरी काढायला बसलात आणि नख हललं नाही, तर ओढू नका. कापूस पुन्हा भिजवा, तरीही हललं नाही तर जाणकाराकडे जा. काढून घेण्याचे पैसे पुढच्या महिन्यात भरून निघतील, नखाला मात्र अर्धं वर्ष लागेल.